लपविलेला पंप

दमा माणसास दमवितो खरा. परंतु त्याहून अधिक तो त्यास लाजवितो, असा आमचा चार तपांचा अनुभव आहे. तापाने फणफणलेले मूल आईच्या मांडीवर कौतुकाने पडून राहते. धाप लागलेल्या मुलास मात्र पाहुण्यांसमोरून हळूच आत नेतात.

आमचे बालपण सूर्या नदीच्या काठी, मासवणास गेले. त्या वेळी आमच्या वाट्यास दम्याची गोळी आली. ती घेतली की छाती मोकळी होई. पण हात असे थरथरत की वहीतील अक्षरे नाचू लागत. कोजागरीच्या रात्री खिरीतून दिले जाणारे औषधही आम्ही दोन वर्षे भक्तिभावाने प्यालो. पुढे प्राध्यापक झाल्यावर श्वासावाटे ओढावयाचे औषध, म्हणजेच पंप, हाती आला आणि आमचे आयुष्य सुकर झाले. तरी तो पंप आम्ही वीस वर्षे विद्यार्थ्यांपासून लपविला. तासापूर्वी दाराआड पाठ फिरवून दोन फवारे ओढावयाचे आणि मग मोठ्या गंभीर मुद्रेने व्यासपीठावर चढावयाचे, हा आमचा नित्यक्रम!

आमच्या मासवणच्या वाडीची निगा राखणाऱ्या आजींची नात बोईसरला एका चाळीत राहते. बाप कारखान्यात कामाला. खोली एकच, तीत स्वयंपाकाची फोडणी, भिंतीची ओल आणि रात्रभर जळणारी डासांची अगरबत्ती. अशा एका अगरबत्तीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते. चाळीबाहेरची हवा तरी कोठली शुद्ध? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यमापनात तारापूरची औद्योगिक वसाहत देशात सर्वाधिक प्रदूषित ठरली होती.

मे महिन्यात ती मुलगी आजोळी आली की तिची धाप नाहीशी होई. त्यावरून आजींनी सिद्धान्त बांधला, ‘पोरीला रोग नाही, बोईसरची हवा बाधते.’ आम्हीही मान डोलाविली. परंतु गेल्या दिवाळीत ती आली तेव्हा खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. पेंढ्याची धूळ उडाली आणि तासाभरात मुलीच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. खांदे उचलून, ओठ विलग करून ती ओट्यावर बसली. ती मुद्रा आम्ही ओळखली. ती आमचीच होती.

डॉक्टरांनी दोन पंप लिहून दिले. एक धाप लागताच तत्काळ घ्यावयाचा. दुसरा श्वासनलिकांची सूज उतरविणारा, बरे असतानाही रोज घ्यावयाचा. आईने चिठ्ठी घडी घालून कनवटीस लावली. “सर, पंप लागला की जन्मभर सुटत नाही म्हणतात. मुलीची जात. आणि बरी असताना औषधाला पैसे कशाला घालवायचे?”

या प्रश्नास हसणे सोपे आहे. ज्या घरी पगार दिवसावर मिळतो, तेथे आजारही दिवसापुरताच विकत घेतला जातो. आम्ही आकडे सांगितले: २ मिलिग्रॅमच्या एका गोळीत जितके साल्ब्युटामॉल, तितक्यात पंपाचे वीस फवारे होतात, मग जहाल कोण? आई गप्प राहिली. शेवटी आम्ही खिशात हात घातला आणि तिच्यासमोर, मुलीसमोर, आजींसमोर आमचा पंप ओढला. “सर, तुम्हीसुद्धा?” एवढेच ती म्हणाली, आणि कनवटीची चिठ्ठी बाहेर निघाली.

फवारा थेट तोंडात मारला तर बराचसा घशातच राहतो. म्हणून मुलांसाठी मध्ये एक नळकांडे जोडतात. तेही महाग वाटले. तेव्हा दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली उपयुक्त ठरविलेली युक्ती आमच्या डॉक्टरांनी करून दिली: अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाशी पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून पंप घट्ट बसविला. मुलगी बाटलीच्या तोंडाने संथ श्वास घेऊ लागली.

शालेय मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली याच पालघरात सुरू झाला, आणि त्याच्या रोगांच्या यादीत श्वासनलिकांचा हा विकारही आहे. पण यादीतले नाव आणि दप्तरातला पंप यांत बरेच अंतर असते. मुलीच्या शाळेत पंप प्रथम कुलूपबंद कपाटात गेला. धाप किल्लीची वाट पाहत नाही, असे आम्ही वर्गशिक्षिकेस पत्राने विनविले. आता तो दप्तरात असतो.

पत्र टाकून परतताना मात्र आमचे आम्हांसच ओशाळल्यासारखे झाले. नऊ वर्षांच्या मुलीने जे वर्गात उघडपणे करावे असे आम्ही लिहिले, ते आम्ही स्वतः कधी केले होते? दुसऱ्या दिवशी आम्ही पंप पुस्तकाशेजारी मेजावर ठेवला आणि शिकविण्यास प्रारंभ केला. कोणी हसले नाही. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी रेंगाळला आणि जवळ येऊन हलक्या आवाजात विचारता झाला, “सर, तुम्ही रोजचा कोणता घेता?”