आठ तासांचा वास

आमच्या घरात डुकराचे मटण शिजते, हे उघड सांगायला आम्हाला चाळिशी ओलांडावी लागली. गावी आई चुलीवर बरगड्या शिजवायची, लपवायचे कुणापासून? कर्मचारी वसाहतीत आलो आणि प्रेशर कुकर आला. खिडक्या लावायच्या, शिट्ट्या करायच्या, झाले! कुणी विचारलेच तर "बोकडाचे आहे." डुक्कर म्हटले की लोक आधी जात ओळखतात. सभांतून स्वाभिमानावर बोलणारे आम्ही, घरात मात्र असे!

गेल्या वर्षी मुलीने पहिल्या पगारातून विजेचा स्लो कुकर आणला. मंद आचेवर त्याला आठ तास लागतात. तेवढा वेळ खिडक्या लावून कोण बसणार?

किलोभर बरगड्यांना हळद, मीठ, आले-लसूण चोळून आधी तव्यावर लाल परतल्या. नुसत्या वाफेत तो रंग येत नाही. मग कांदा, तिखट, चिंचेचा कोळ, लिंबाएवढा गूळ. वाफ कोंडून राहते, म्हणून पाणी अर्धी वाटीच. झाकण सारखे उघडू नये, आच मोडते. डुकराचे कच्चे राहता कामा नये, जंत होतात, हे आईचे सांगणे खरेच आहे. आठ तासांनी मांस हाडावरून बोटाने सुटले, रस्सा ओठांना चिकटू लागला. गूळ जास्त झाला, असे सौ.चे मत.

संध्याकाळी समोरच्या वहिनी दारात आल्या. "भाऊ, आज कसला वास?"

आम्ही सांगितले. त्या क्षणभर थांबल्या, "बरं" म्हणून गेल्या. मुलीने लगेच वाटी भरली. आम्ही म्हटले, "थांब, खातात का ते आधी विचारून ये."