दोन चित्रांची चिठ्ठी

जपानमध्ये जुलैच्या अखेरीस शाळांना उन्हाळी सुट्टी लागते. सुट्टी म्हणजे केवळ विश्रांती असे तेथे कोणी मानत नाही. क्लब, शिकवण्या आणि शिबिरे यांनी ते दिवस भरून जातात. नागानो प्रांतातील डोंगराळ भागात भरलेल्या अशाच एका इंग्रजी संभाषण शिबिरात पुण्याची एक तरुणी मदतनीस म्हणून गेली होती. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी ती दोन वर्षांपासून जपानमध्ये राहत होती. निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी मदतनीस म्हणून घेण्यामागे आयोजकांचा एक हेतू होता. इंग्रजी ही केवळ इंग्लंड-अमेरिकेची भाषा नव्हे, हे मुलांना प्रत्यक्ष दिसावे.

शिबिर सहा दिवसांचे होते आणि तिच्या गटात सात मुले-मुली होती. पहाटेपासून रातकिड्यांहूनही कर्कश असा सिकाड्यांचा आवाज, सकाळी १९२८ पासून चालत आलेली रेडिओवरील कवायत, जेवणानंतर मुलांनी स्वतः केलेली साफसफाई. सारे काही घड्याळाच्या काट्यावर चाले. मुलांच्या वह्या पाहून तिला नवल वाटले. व्याकरण जवळजवळ निर्दोष होते. प्रवेशपरीक्षांसाठी केलेला अभ्यास पानोपानी दिसत होता. परंतु समोर उभे राहून एक वाक्य बोलायचे म्हटले, की सर्वांच्या माना खाली जात. चूक होण्यापेक्षा गप्प बसणे त्यांना सुरक्षित वाटे.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घराविषयी बोलायचे होते. नीगाता प्रांतातून आलेली एक मुलगी उठली. नीगाता तांदळासाठी प्रसिद्ध. तिच्या आजोबांची भातशेती होती. मात्र जपानी भाषेत र आणि ल असे दोन वेगळे उच्चार नाहीत. बोलण्याच्या घाईत ‘राइस’ऐवजी ‘लाइस’ झाले आणि ‘माझे आजोबा उवा पिकवतात’ असा अर्थ निघाला. मदतनीस तरुणीला हसू आवरले नाही. तिने तत्काळ सर्वांसमक्ष दुरुस्ती केली, फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले, अर्थही सांगितला. गट हसला. मुलगीही तोंडावर हात धरून हसली, वाकून क्षमा मागितली आणि खाली बसली. त्यानंतर दोन दिवस ती बोललीच नाही.

तिसऱ्या रात्री मदतनीस तरुणीला झोप लागेना. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमात शिकून ती अकरावीसाठी पुण्यात आली होती. पहिल्याच आठवड्यात वर्गात वाचताना तिने ‘व्हेजिटेबल’ या शब्दाच्या शेवटी स्वच्छ ‘टेबल’ म्हटले होते. वर्ग हसला, शिक्षकही हसले. त्या वर्षी तिने पुन्हा हात वर केला नाही. तो हशा तिला अजून ऐकू येत असे आणि आता तोच हशा तिने दुसऱ्या मुलीच्या पदरात टाकला होता. शिकवलेला उच्चार बरोबर होता. शिकवण्याची रीत चुकली होती.

चौथ्या दिवशी दुपारी भोजनगृहात तिच्या ताटलीत भात, काकडी, कोबी आणि त्यावर किसलेले गाजर आले. जैन घरात वाढलेली असल्याने ती कंदमुळे खात नसे. रांग खोळंबली होती. तिने घाईघाईने वाढणाऱ्या बाईंना जपानीत सांगितले, “क्षमा करा, मी निंगेन खात नाही.” बाईंचा हात जागीच थांबला. मागे दबलेले हसू फुटले. काय चुकले, हे तिला कळेना. चेहरा लाल करून ती टेबलाशी येऊन बसली.

थोड्या वेळाने नीगाताच्या त्या मुलीने एक घडी घातलेला कागद तिच्या ताटलीजवळ सरकवला. त्यावर दोन चित्रे होती. एक गाजर, त्याखाली ‘निंजिन’. एक माणूस, त्याखाली ‘निंगेन’. म्हणजे तिने भर रांगेत ‘मी माणसे खात नाही’ असे जाहीर केले होते! ती मनापासून हसली. मग ती मुलगीही हसली, या वेळी तोंडावर हात न धरता, आणि दोन दिवसांनंतर इंग्रजीत पहिले वाक्य बोलली, “व्हाय नो कॅरट?”

गाजर उपटले की रोपच नाहीसे होते आणि मातीतल्या असंख्य सूक्ष्म जीवांनाही इजा होते, असे तरुणीने सोप्या शब्दांत समजावले. मुलगी विचार करून अडखळत म्हणाली, की आजोबा जेवणापूर्वी भातापुढेही हात जोडतात. तेव्हा तरुणीने दुसऱ्या दिवशीच्या हसण्याबद्दल तिची क्षमा मागितली. मुलीने काहीच उत्तर दिले नाही. फक्त तो कागद पुन्हा घडी घालून तिच्या हातात ठेवला.

त्या दुपारपासून गटाचा नियम बदलला. कोणी बोलत असताना मध्येच दुरुस्ती करायची नाही. चूक चिठ्ठीवर लिहून नंतर, ज्याची त्याला द्यायची. मदतनिसांच्या जपानी चुकांनाही हाच नियम.

शेवटच्या संध्याकाळी नीगाताची मुलगी दोन मिनिटे बोलली. विषय होता आजोबांची शेती. ‘राइस’ हा शब्द सहा वेळा आला. चार वेळा नीट, दोन वेळा चुकून. कोणी हसले नाही. आजोबा काय पिकवतात, हे सर्वांना नेमके कळले होते.

बोलताना जपून बोलावे, याला आपल्याकडे भाषासमिती म्हणतात. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या या शब्दाचा अर्थ त्या तरुणीला खोटे व कठोर न बोलणे एवढाच ठाऊक होता. खरे बोलतानाही समोरच्याचे मन जपावे लागते, हे तिला एका पंधरा-सोळा वर्षांच्या परक्या मुलीने दोन चित्रे काढून शिकवले. तो कागद तिने अजून जपून ठेवला आहे.