तंबोऱ्याची जवार आणि कान

ताणलेल्या तारेला एकटीला फारसा आवाज नसतो. ती इतकी बारीक असते की हवा ढकलण्याऐवजी कापत जाते. म्हणून मिरजेत तंबोरा घडवताना कारागिराचे बहुतेक श्रम तारेच्या कंपनाला वाट करून देण्यात जातात. तारेतून ते घोडीत उतरते, घोडीतून भोपळ्यावरच्या लाकडी तबलीत, आणि तबलीच्या रुंद पृष्ठावरून हवेत. प्रत्येक सांध्यावर त्यातले काही पुढे जाते, काही मागे फिरते.

ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात जवळजवळ १,५०० मीटर आणि पोलादात पाच हजारांहून अधिक. लाकडात तंतूंच्या दिशेने तो चार हजारांच्या आसपास जातो, तंतूंना आडवा त्याहून कितीतरी हळू. पण वाद्याच्या दृष्टीने वेगापेक्षा महत्त्वाचा असतो तो दोन पदार्थांतला फरक. एक हलका, दुसरा जड आणि ताठ असेल, तर त्यांच्या सीमेवर ध्वनी परततो. तबली तासण्याचे कसब याच सीमेवरचे आहे. जाड तबली हलत नाही आणि तंबोरा मुका वाटतो. फार पातळ केली तर ती तारेतली ऊर्जा भराभर ओढून घेते. आवाज मोठा येतो, पण आस टिकत नाही. मधली जागा मोजपट्टीवर सापडत नाही. थोडे तासायचे, बोटाने ठोकायचे, ऐकायचे, पुन्हा तासायचे.

कानापुढे हाच प्रश्न उलट्या दिशेने उभा असतो. त्याला हवेतला ध्वनी द्रवात न्यायचा असतो. हवेतल्या लहरी अंतर्कर्णातल्या द्रवावर थेट आदळल्या असत्या, तर त्यांच्या ऊर्जेचा हजारातला जेमतेम एक भाग आत शिरला असता. हे नुकसान मधल्या कानातल्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांमुळे बऱ्याच अंशी टळते. मोठ्या कर्णपटलावरचा दाब ती रिकिबीच्या चिमुकल्या तळाशी एकवटतात. तिथे तो वीसेक पट होतो. घोडी तारेसाठी जे काम करते, त्याच जातीचे हे काम. पुढे अंतर्कर्णातल्या कर्णावर्ताच्या वेटोळ्यात सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा असतो. उंच स्वर त्याच्या सुरुवातीला, खालचे स्वर टोकाकडे त्याला अधिक हलवतात. लहरींचा हा प्रवास जॉर्ज फॉन बेकेशी यांनी उलगडला. १९६१ चे नोबेल त्यांना त्यासाठीच मिळाले.

तंबोऱ्याचा खरा जीव मात्र घोडीच्या माथ्यावर आहे. इतर अनेक तंतुवाद्यांत तार घोडीच्या धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, जवळजवळ सपाट घासलेला. कंप पावणारी तार या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्या स्पर्शागणिक तिला एक बारीक झटका बसतो आणि वरचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, जागे होतात. तारेखाली सुताचा किंवा रेशमाचा दोरा सरकवून हा स्पर्श नेमका जुळवतात; हीच तंबोऱ्याची जवार. दोरा केसभर पुढे गेला तर तार खरखरते, मागे राहिला तर बंद पडल्यासारखी बोलते. योग्य जागी आला की तिच्यातून उपस्वरांची रांग वरून खाली ओघळताना स्पष्ट ऐकू येते. कानशीने इतका सूक्ष्म उतार काढणारा हात वर्षानुवर्षांच्या ऐकण्यातूनच तयार होतो, आणि त्याचे मोल गायकाइतकेच मानले पाहिजे.

तंबोऱ्याची तार साधारण मध्यावर छेडतात. ध्वनिशास्त्राच्या जुन्या नियमाप्रमाणे, मध्यावर छेडलेल्या तारेतून सम क्रमांकाचे उपस्वर निघायला नकोत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. छेडलेल्या जागी जे उपस्वर निपजू नयेत, तेही त्यांच्यात जोरकस उमटतात. कारण अर्थातच घोडीचा तो उतार.

कानाला याचा लाभ होतो. काळी एकच्या पट्टीत पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा असतो. इतक्या खालच्या स्वराला कान मंद असतो, आणि भोपळाही तो फारसा बाहेर टाकू शकत नाही. कान सर्वांत तल्लख असतो दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात, आणि जवारीने उठवलेले वरचे उपस्वर तिथवर पोचतात. उपस्वरांमधले अंतर सारखे असल्यामुळे मेंदू त्यांचा मूळ स्वर स्वतःच जुळवून घेतो. लहानशा मोबाइलच्या स्पीकरवरही खर्ज ‘ऐकू’ येतो तो याचमुळे. खर्जातला पाचवा उपस्वर म्हणजे स्वयंभू गंधार. कोणतीही तार गंधाराला लावलेली नसते, तरी चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात तो वेगळा उठून येतो. षड्जाला लावलेल्या जोडीच्या तारा किंचित जरी ढळल्या, तरी तो विरतो. म्हणून तो सुरेलपणाची कसोटीही ठरतो.

गजबजलेल्या रंगमंचामागे गवई तंबोरा लावताना दांडीला कान टेकवतो. मग कंपन लाकडातून कवटीच्या हाडांत आणि तिथून कर्णावर्तात पोचते. हवेची वाट अर्धी टळते, बाहेरचा गलबला मागे पडतो.

जवार कायमची नसते. सततच्या घर्षणाने तारा घोडीवर बारीक चरे पाडतात आणि स्पर्शाची जागा बिघडते. मग तारा सैल करून माथा पुन्हा घासावा लागतो. पट्टी बदलली की तारेचा ताण बदलतो, तेव्हा दोराही नव्याने सरकवावा लागतो, प्रत्येक तारेचा वेगळा.