कर्नल, किल्ली आणि पाच स्पेशल

आमच्या शाखेतला कॉम्प्युटर अडला की रामबाण उपाय एकच: बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा. बिघाड काय होता, हे विचारण्याची पद्धत नाही. पण १९९७ साली मंगळावर उतरलेलं अमेरिकेचं पाथफाइंडर यानही हाच उपाय करत होतं, आणि तेही आपल्या हाताने, असं भाच्याकडून कळलं तेव्हा मला त्या परक्या ग्रहाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

भाचा कर्नलमध्ये काम करतो. लष्करातला कर्नल नव्हे. ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा असतो, त्याला म्हणे कर्नल म्हणतात. आमच्या बहिणीने सोसायटीत हा खुलासा करायचं अजून टाळलं आहे.

तर यान ४ जुलैला उतरलं. फोटो आले, साडेदहा किलोची सोजर्नर गाडी तिथल्या धोंड्यांतून फिरू लागली. थोड्याच दिवसांत कॉम्प्युटर मधूनच स्वतःला बंद करून पुन्हा चालू करायला लागला. जमवलेली माहिती शाबूत राही, पण त्या दिवसाचं उरलेलं काम उद्यावर जाई. आमच्याकडे याला बिघाड म्हणत नाहीत. तिथे मात्र यान महिनाभराच्या बोलीवर धाडलेलं, एकेक दिवस मोलाचा!

भाच्याने कागदावर चौकोन काढून समजवायला घेतलं. दुसऱ्याच चौकोनाला मी म्हटलं, "अरे, ही तर आमच्या रेकॉर्डरूमची भानगड!"

रेकॉर्डरूमला किल्ली एक. व्हाउचरांचे गठ्ठे ठेवायला शिपाई ती घेऊन जातो. तेवढ्यात ऑडिटरसाठी मॅनेजरसाहेबांना जुनी फाइल हवी होते. साहेब कितीही मोठे असोत, किल्ली शिपायाच्या खिशात, थांबणं आलं. इथवर ठीक. पण परत येणाऱ्या शिपायाला वाटेत कर्जखात्याचे हेडक्लार्क गाठतात, "आधी पाच स्पेशल सांगून ये." त्यांना किल्ली नको, फाइल नको, नुसता चहा हवा. शिपाई काही त्यांच्या शब्दाबाहेर नाही. तो किल्लीसकट खाली हॉटेलात, आणि साहेब ऑडिटरसमोर हवापाण्याच्या गप्पा मारताहेत. नियम कुणीच मोडलेला नसतो, ही त्यातली खरी गंमत.

मंगळावर हुबेहूब हेच. हवामानाच्या नोंदी करणारं काम म्हणजे शिपाई. यानातल्या माहितीची ने-आण बघणारं काम म्हणजे साहेब. दोघांत कुलूप सामाईक. आणि दळणवळणासारखी मधल्या दर्जाची लांबण लावणारी कामं म्हणजे हेडक्लार्क. साहेबांचं काम सेकंदाच्या आठव्या हिश्शात आटोपलं नाही की हजेरी घेणारं आणखी एक काम बोंब मारी, आणि सगळं ऑफिसच बंद करून पुन्हा उघडावं लागे.

उतरण्याआधीच्या चाचण्यांतही हे दिसलं होतं. पुन्हा घडवून आणता येईना, म्हणून राहिलं. "पुन्हा झाल्यास पाहू" हा शेरा मी ओळखतो. अखेर कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरांनी जमिनीवरच्या प्रतिकृतीत बारीकसारीक घटनांची नोंद ठेवून चोर पकडला. इलाज कर्नलमध्ये आधीपासून होता, फक्त बंद ठेवलेला: किल्ली ज्याच्याकडे, त्याला ती परत करेपर्यंत खोळंबलेल्या साहेबाचा दर्जा द्यायचा! लुई शा, राजकुमार आणि त्यांचे एक सहकारी यांनी १९९० सालच्या निबंधात ही युक्ती शास्त्रशुद्ध मांडली होती. राजकुमाराने शिपायाला साहेब करावं, ही गोष्ट मला फार आवडली. 'नाही'च्या जागी 'होय', मुख्य दुरुस्ती एवढीच. ती पृथ्वीवरून पाठवली. निरोप मंगळावर पोचायला दहाबारा मिनिटं लागत. आमचं पत्र हेड ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर जायला आठवडा घेतं. यान पुढे सप्टेंबरअखेरपर्यंत बोलत राहिलं.

साहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना पटलं. शिपायाला बोलावून त्यांनी फर्मावलं, "रेकॉर्डरूमची किल्ली खिशात असेतोवर तू मॅनेजर. कुणी चहा सांगितला तर जायचं नाही."

शिपायाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जाणार नाही, साहेब. पण तेवढ्या वेळाचा ऑफिशिएटिंग अलाउन्स?"