उजवा डोळा, अकरा मिनिटं

१२ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, आधी वही, मग गोळी. "दुखायला लागलं की घड्याळ बघायचं, थांबलं की पुन्हा बघायचं. बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल."

मी मात्र त्यांना कळ, सणक आणि ठणका यांतला फरक समजावून सांगत बसले होते. पंचवीस वर्षं प्रुफं तपासतेय. चुकीचा शब्द पडलेला खपत नाही. ही सणक नाही, सणक येते तशी निघून जाते. ठणका नाही, ठणक्याला नाडीचा ताल असतो. हे म्हणजे उजव्या डोळ्यामागे कुणी गिरमिट लावून फिरवत बसावं तसं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती मिनिटं?"

सांगता येईना. दीड वर्ष सोसतेय, पण घड्याळाकडे एकदाही बघितलेलं नाही.

१३ ऑगस्ट
पहाटे ५.१० ते ५.२२. सकाळी ८.४० ते ८.४९. ११.०५ ते ११.१९. दुपारी १.३० ते १.४१, ताट वाढलेलं. मग ३.१५, ४.५०, ६.२०, ८.००, १०.१०. सगळे उजव्या बाजूचे. डोळा लाल होतो, पाणी येतं, तेवढ्यापुरती उजवीच नाकपुडी चोंदते. रडायचं झालं तरी माणूस दोन्ही डोळ्यांनी रडतो.

१५ ऑगस्ट
सुट्टी म्हणून सगळे घरात, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं. सासूबाई लगबगीने सहाण घेऊन बसल्या, सुंठ उगाळली, कपाळाला लेप लावला. लेप वाळेपर्यंत दुखणं थांबलेलं. "बघ, उतरली ना अर्धशिशी!" तासाभरात पुढचा झटका आला, तेव्हा त्या देवळात गेल्या होत्या.

या दुखण्याने आजवर सगळ्यांना यश दिलंय. अमृतांजन, नाकात साजूक तूप, नवा चष्मा, सायनसची वाफ, शेजारच्या काकूंनी काढलेली दृष्ट. दहा-बारा मिनिटांत आपोआप थांबणाऱ्या दुखण्यावर काहीही करा, गुण येतोच. आणि ज्यांनी काही केलं नाही ते म्हणतात, "आत्ता तर बरी होतीस."

१९ ऑगस्ट
दिवाळी अंकाची प्रुफं. प्रेसचा मुलगा दारात उभा. ४.३५ ते ४.४७ येरझारा घातल्या. आडवं पडवत नाही. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी नंतर येऊ का?" म्हटलं, बस, बारा मिनिटं बस. तो बसला. गेल्यावर लक्षात आलं, बारा हा आकडा मी आधीच सांगून मोकळी झाले होते.

२२ ऑगस्ट
नऊ दिवस, ९७ झटके. सगळ्यात लहान ६ मिनिटांचा, मोठा १९ मिनिटांचा. डॉक्टरांनी पेन टेकवत टेकवत एकेक ओळ मोजली. माझी वर्णनं समासात होती, तिकडे बघितलंही नाही.

मग म्हणाले, काही सेकंदांची, विजेसारखी चमक असती आणि तोंड धुताना, दात घासताना येत असती, तर चेहऱ्याच्या नसेचा विचार केला असता, ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियाचा. (सलमान खानला होता तो. हे मी म्हटलं, ते नाही.) क्लस्टर डोकेदुखी पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालते, पण दिवसात इतक्यांदा येत नाही. दोन ते तीस मिनिटं, दिवसाला पाचाहून जास्त, एकाच बाजूला आणि त्याच बाजूचा डोळा-नाक वाहणारं, ते पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया. म्हणजे नाव घड्याळाने ठेवलं.

हेमिक्रेनिया म्हणजे अर्धं डोकं. मायग्रेन हा शब्दही त्यातूनच आलेला. आपली अर्धशिशी तरी दुसरं काय सांगते? सासूबाई शब्दापुरत्या बरोबर होत्या.

एमआरआय आधीच झालाय, त्यात काही नाही. गोळीचं नाव इंडोमेथासिन. आधी २५ मिलिग्रॅम तीन वेळा, तीन दिवसांनी ५० तीन वेळा, जेवणानंतरच. सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची वेगळी. "याने पूर्ण थांबलं तरच हे नाव खरं," डॉक्टर म्हणाले. "थोडं बरं वाटतंय असं म्हणालात, तर मला पुन्हा विचार करावा लागेल." रोगाची परीक्षा औषधाने घ्यायची, हे मला नवीन.

केमिस्टने चिठ्ठी बघून विचारलं, "काकू, सांधे धरलेत का?" गोळी मुळात संधिवाताची.

२३ ऑगस्ट
लेकीने शोधून काढलं. १९७४ साली ओतार स्योस्ताद आणि इंगे दाले या नॉर्वेच्या डॉक्टरांनी हे दुखणं पहिल्यांदा वेगळं काढलं. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'नवा' या शब्दापुढे कंसात प्रश्नचिन्ह आहे. दोन वर्षांनी पुन्हा लिहिलं, तेव्हाही ते तसंच. माझ्या हाताखाली आलं असतं तर समासात 'हे ठेवायचं का?' असं विचारलं असतं. आता वाटतं, मी ते काढू दिलं नसतं.

आज ९ झटके.

२५ ऑगस्ट
गोळी वाढवली. संध्याकाळी ६.०५ ते ६.११. रात्री काही नाही.

२६ ऑगस्ट
पान कोरं.

२७ ऑगस्ट
कोरं. पहाटे पाचला जाग आली तशी पडून राहिले, ५.१० वाजायची वाट बघत. ५.१० झाले, ५.२२ झाले. दूधवाला येऊन गेला. मग रडले, दोन्ही डोळ्यांनी.

२ सप्टेंबर
छातीत जळजळ, थोडी चक्कर. डॉक्टर म्हणाले, ही गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला जड, म्हणून काही आठवड्यांनी डोस उतरवत उतरवत कमीत कमी कितीत भागतं ते बघू. रक्ततपासणी लिहून दिली. सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, सुंठेचा गुण जरा उशिरा येतो. मी मधे बोलले नाही.

९ सप्टेंबर
अंकाची शेवटची पानं प्रेसला. काल रात्रीची गोळी राहिली, आज सकाळची आणि दुपारचीही.
४.४० ते ४.५१. उजवा डोळा. घड्याळ आधी बघितलं, कपाळाला हात नंतर गेला.
प्रेसचा मुलगा न विचारताच स्टुलावर बसून राहिला.