शक्ती कुठली घ्यायची?

आज पाणीपट्टी नाही, वॉर्डरचना नाही. आज एका व्हिडिओ गेमबद्दल लिहितोय. ‘यांना काय झालं अचानक’ असं ज्यांना वाटेल त्यांनी जरा दम धरा, विषय फिरून सत्तेवरच येतो.

गेमचं नाव डिसऑनर्ड. २०१२ साली आला, आर्केन स्टुडिओज या मूळच्या फ्रेंच कंपनीचा. गेम जुना आहे म्हणून कथा बिनधास्त फोडतोय. डनवॉल नावाचं एक काल्पनिक शहर. देवमाशाच्या तेलावर चालणारं, कारण तिथले दिवे, यंत्रं आणि माणसाची राख करणारी विजेची दारं सगळी त्याच तेलावर. शहरात उंदरांमुळे प्लेग पसरलाय. सम्राज्ञी जेसामीनचा भरदिवसा खून होतो, आळ येतो तिच्या अंगरक्षकावर. हा अंगरक्षक कॉर्वो म्हणजे आपण. सम्राज्ञीची लहान मुलगी एमिली पळवली जाते आणि गुप्तहेर खात्याचा प्रमुख हायरम बरोज ‘लॉर्ड रीजंट’ म्हणून गादी सांभाळायला बसतो. कॉर्वो सहा महिन्यांनी तुरुंगातून पळतो आणि एके रात्री स्वप्नात त्याला ‘आउटसायडर’ भेटतो. काळ्याभोर डोळ्यांचा, ना देव ना सैतान. तो कॉर्वोच्या हातावर एक खूण उमटवतो आणि शक्ती देतो.

या आउटसायडरची एक गोष्ट मला फार आवडते. शक्ती कशासाठी वापर, हे तो सांगत नाही. शपथ नाही, अट नाही. तो फक्त बघत राहतो.

एकूण दहा शक्ती आहेत. सहा वापरायच्या, चार अंगात मुरलेल्या. प्रत्येकीच्या दोन पायऱ्या. त्या विकत घ्याव्या लागतात ‘रून’ देऊन, म्हणजे देवमाशाच्या हाडावर कोरलेले तुकडे, जे शहरभर लपवलेले असतात. एका खेळात सगळ्या शक्ती पूर्ण घेता येतील इतके रून मिळत नाहीत. म्हणजे निवडावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बजेट आहे, आणि बजेट बघितलं की माणसाचा जाहीरनामा वाचायची गरज उरत नाही.

पहिली शक्ती ‘ब्लिंक’ फुकट मिळते. डोळ्यांना दिसेल त्या जागी क्षणात जायचं. समोर पहारेकरी असला तर वर छज्जा, छज्ज्यावरून गच्ची, गच्चीवरून पलीकडची गल्ली. एकदा वापरून थोडं थांबलात तर खर्च झालेली ताकद आपोआप भरून येते, घाईघाईनं लागोपाठ वापरलीत तर निळ्या औषधाची बाटली फोडावी लागते. थांबणाऱ्याला सवलत. बारीकशी गोष्ट आहे, पण मुद्दाम केलेली आहे.

आता बाकीची यादी बघा. ‘डिव्हाउरिंग स्वार्म’ म्हणजे उंदरांचा लोंढा बोलावून माणसावर सोडायचा. ‘विंडब्लास्ट’ म्हणजे वाऱ्याच्या एका झोतात दार फोडायचं किंवा माणूस भिंतीवर आपटायचा. ‘ब्लड थर्स्टी’ तलवारबाजीत कैफ चढवते. ‘व्हायटॅलिटी’ घेतली की मार खाण्याची ताकद वाढते. आणि ‘शॅडो किल’: बेसावध माणसाला मारलं की त्याच्या प्रेताची जागच्या जागी राख. दुसरी पायरी घेतली की बेसावध असो वा सावध, सगळ्यांचीच राख. लपवायला प्रेत नाही, पुरावा नाही.

अर्धी यादी मारण्याची आणि मारामारीत टिकण्याची. त्यात बंदूक, बॉम्ब, तारेचे सापळे मिळवा. न मारता काम करायचं तर मागून गळा आवळून बेशुद्ध करणं आणि झोपेचे बाण, बस. यावर तेव्हा टीकाही झाली, की गेम तुम्हाला दयाळू व्हायला सांगतो आणि सगळी मजेची खेळणी मात्र खुन्याला देतो. टीका रास्त आहे. पण मला ते खरं वाटतं. लाठी, कुलूप, बुलडोझर हे तयारच असतं. बोलणी करायला माणूस शोधावा लागतो.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेम त्यानंच मला दिला. तो खेळला तलवार आणि उंदीर घेऊन, मी खेळलो ब्लिंक घेऊन. मग एका रविवारी दोन लॅपटॉप शेजारी ठेवून आम्ही आपापलं डनवॉल बघितलं. दोन वेगळी शहरं!

या गेममध्ये ‘केऑस’ नावाचा हिशेब आहे. तुम्ही किती माणसं मारली, किती गोंधळ घातला, याची नोंद मागे चालू असते. चार-दोन खुनांनी काही बिघडत नाही. पण आकडा वाढला की शहर बदलतं. प्रेतं जास्त, म्हणून उंदीर जास्त. उंदीर जास्त म्हणून प्लेग जास्त. रस्त्यावर ‘वीपर’ वाढतात, म्हणजे रोगाच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं, डोळ्यांतून रक्त वाहणारी. पहारे वाढतात. एमिली चित्रं काढते, तीही काळवंडत जातात. भाच्याच्या गेममध्ये हे सगळं झालं होतं. तो म्हणाला, “मामा, मी तर फक्त वाईट लोकांना मारलं.” मी म्हटलं, “आणि दारावरचे शिपाई?” “ते मध्ये आले ना.”

शॅडो किलची गंमत इथे आहे. राख झाली, प्रेत सापडलं नाही, बाकीच्या पहारेकऱ्यांना पत्ता लागला नाही. पण केऑसच्या वहीत माणूस मोजला गेलाच. वीपरला मारलं तरी तो खूनच धरला जातो. उद्या मरणारच होता, समाजाला धोका होता, हे युक्तिवाद वही ऐकत नाही. ज्यांनी हा नियम केला त्यांना मी मानतो. कारण तो नियम आपल्याकडे माणसांना सुद्धा पटवावा लागतो. ‘एन्काउंटर झाला, बरं झालं, एक घाण गेली’ असं चहा पिता पिता म्हणणारी माणसं वाईट नसतात, आपलीच असतात. त्यांना फक्त ती वही दिसत नाही. मारलेल्याचा प्रश्न सुटतो असं वाटतं, पण मारणाऱ्याला आता विचारायचं कुणी, हा प्रश्न शहराच्या अंगावर राहतो.

आणि उंदीर बोलावण्याची शक्ती! शहर उंदरांनी मरतंय, आणि आपण न्यायासाठी निघालेले लोक तेच उंदीर बोलावून शत्रूवर सोडतोय. शत्रूपेक्षा आपले उंदीर चांगले, कारण ते आपले. राजकारणावर दहा वर्षं लिहितोय, याहून नेमकं चित्र मला सुचलेलं नाही.

रून मिळवायचे मार्गही असेच. ग्रॅनी रॅग्ज नावाची एक आंधळी म्हातारी आहे. ती सांगते, बॉटल स्ट्रीटच्या टोळीच्या औषधाच्या भट्टीत प्लेगच्या उंदराची आतडी टाक, तुला रून देते. टोळी काही सज्जन नाही, औषधात पाणी घालून विकणारीच आहे. पण तेवढंच औषध त्या वस्तीला परवडतं. काम पाच मिनिटांचं, मिळकत रोख. मी ते केलं नाही. भाच्यानं केलं, आणि त्या रूनची त्यानं कुठली शक्ती घेतली हे त्याला आता आठवतही नाही.

मी घेतलेल्या शक्ती म्हणाल तर ब्लिंकची दुसरी पायरी, उंच उडीसाठी ‘अ‍ॅजिलिटी’, आणि ‘पझेशन’. पझेशन म्हणजे दुसऱ्याच्या अंगात शिरणं. पहिल्या पायरीला प्राण्यांच्या. उंदीर होऊन भिंतीच्या भोकातून जायचं, मासा होऊन पाण्याखालच्या पाइपातून. यात मला खरा आनंद मिळाला. ज्या उंदराला सगळं शहर घाबरतं त्याच्या उंचीवरून शहर बघायचं, पहारेकऱ्याचे बूट डोळ्यांसमोरून जाताना. दुसऱ्या पायरीला माणसांच्याही अंगात शिरता येतं. बाहेर पडलं की तो बिचारा भडाभडा ओकतो. ‘बेंड टाइम’ची दुसरी पायरी घेतली तर वेळच थांबते. या दोन्ही मिळून खेळणाऱ्यांमध्ये एक करामत प्रसिद्ध आहे: शत्रूनं गोळी झाडली की वेळ थांबवा, त्याच्याच अंगात शिरा, त्याला चालवत स्वतःच्याच गोळीसमोर आणून उभा करा, बाहेर पडा आणि वेळ सोडा. बघायला अफलातून. मी बेंड टाइम घेतली नाही. वेळ थांबली की पहारेकरी माणूस राहत नाही, फर्निचर होतो.

‘डार्क व्हिजन’ मात्र घेतली, आणि तिच्याबद्दल मन अजून साशंक आहे. भिंतीपलीकडची माणसं दिसतात, कोण कुठे बघतोय तेही दिसतं. कुणाला धक्का लागू द्यायचा नसेल तर ही शक्ती लागतेच. पण वापरायला लागलात की बंद करवत नाही. सगळं शहर पिवळट धुरकट, त्यात फक्त हलणाऱ्या आकृत्या. रस्ते, पोस्टर, खिडकीतला दिवा, काही दिसेनासं होतं. चौकाचौकात कॅमेरे लावून सुरक्षा येते म्हणणाऱ्यांना एक तास डार्क व्हिजनमध्ये चालायला लावलं पाहिजे. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, पण बघणाऱ्याचं काय होतं ते कुणी विचारत नाही.

याला उतारा गेमनंच दिलाय. आउटसायडर कॉर्वोला एक हृदय देतो, धडधडणारं, यंत्रं बसवलेलं. ते रून कुठे आहेत ते दाखवतं, पण कुणाही माणसावर रोखलं तर त्या माणसाबद्दल कुजबुजतंही. याचं दुःख काय, यानं पाप काय केलंय. याला रून लागत नाही, सक्ती नाही. बहुतेक जण फक्त रून शोधायला वापरतात. मी पहारेकऱ्यांवर रोखत बसायचो. काही ऐकून कीव यायची, काही ऐकून हात शिवशिवायचे. दोन्ही पहारेकरी एकाच गणवेशात.

आता न मारण्याची दुसरी बाजू, कारण मी ती लपवणार नाही. प्रत्येक मोठ्या शत्रूला न मारता संपवायचा एक रस्ता असतो. पेंडलटन जुळ्या भावांची जीभ कापून, डोकी भादरून त्यांना त्यांच्याच खाणीत मजूर म्हणून पाठवलं जातं. लेडी बॉइल हिला तर बेशुद्ध करून एका माणसाच्या हवाली करायचं, जो तिच्यावर ‘प्रेम’ करतो आणि तिला कायमचा दूर घेऊन जाणार आहे. बाई कधीच परत येणार नाही. गेमच्या वहीत आपले हात स्वच्छ. माझ्या वहीत नाहीत. एका बाईला अशी सोपवणं याला दया म्हणणं हा या गेमचा सगळ्यात घाणेरडा भाग आहे, आणि रक्त सांडलं नाही म्हणून टाळ्या घेणारे निर्णय बघायचे तर गेमपर्यंत जायची गरज नाही.

लॉर्ड रीजंटचा रस्ता तेवढा मला पूर्ण पटला. प्लेग आलेला नव्हता, आणलेला होता. बरोजनंच परदेशातून उंदीर मागवले होते, शहरातली गरिबी हटवण्यासाठी, म्हणजे गरीब हटवण्यासाठी. नंतर ते हाताबाहेर गेलं. हे सगळं त्यानं स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून तिजोरीत ठेवलंय. आपण ती मुद्रिका काढायची आणि किल्ल्यातल्या भोंग्यावर लावायची, ज्या भोंग्यावरून रोज त्याचेच हुकूम शहराला ऐकवले जातात. त्याचेच शिपाई त्याला धरतात. एवढ्या सगळ्या अलौकिक शक्तींच्या गेममध्ये सत्ताधीश पडतो तो एका ध्वनिमुद्रणानं. तिजोरीपर्यंत पोचायला ब्लिंक लागली, बाकी काही नाही.

भाच्यानं त्याला मारलं होतं. त्यामुळे त्याच्या डनवॉलमध्ये त्या आवाजातला कबुलीजबाब भोंग्यावरून कुणी ऐकलाच नाही. शेवटच्या मोहिमेवर जाताना सॅम्युअल नावाचा म्हातारा नावाडी, जो पहिल्यापासून आपल्याला इकडून तिकडे नेतो, बेटावर उतरवतो. माझ्या गेममध्ये त्यानं शुभेच्छा दिल्या. भाच्याला त्यानं तोंडावर सांगितलं की तुझी शिसारी आली, आणि हवेत गोळी झाडून शत्रूला सावध केलं. भाचा चिडला, “हा आपल्या बाजूचा होता ना?” मी म्हटलं, “होता.”

२०१६ साली दुसरा भाग आला. त्यात एमिली मोठी झालीय, आणि तिच्याकडे ‘डोमिनो’ नावाची शक्ती आहे: काही माणसं एका धाग्यात बांधायची, एकाचं जे होईल ते सगळ्यांचं होईल. एकाला झोपेचा बाण मारा, सगळे झोपतील. एकाला भोसका, सगळे मरतील. न मारण्याची साधनंही या भागात वाढवलीत. शिवाय आउटसायडर भेटतो तेव्हा त्याला ‘नको’ म्हणायची सोय आहे. खूण नको, शक्ती नको, दोन हात-पायांवर जाईन.

भाच्यानं या सुट्टीत ‘नको’ म्हणून सुरुवात केलीय. काल रात्री फोन आला, अर्धा तास झाला एका कपाटामागे बसलोय, दोन पहारेकरी हलतच नाहीत, काय करू. मी म्हटलं, ते काय बोलतायत ते ऐकलंस का आधी. म्हणाला, थांब, ऐकतो.