सहावी जागा आईची

दिवाळीपासून मुलांनी ताडोबाचा धोशा लावला होता. शाळेतली दोन-चार मुले जाऊन आली, मग आमच्या घरात शांतता राहील कशी! शेवटी एप्रिलमध्ये जायचे ठरले आणि आम्ही वही घेऊन हिशेबाला बसलो.

पहिला धडा मिळाला तो असा, की अख्ख्या जिप्सीचे पैसे भरावे लागतात. चौघे बसा की सहा, खर्च तोच. म्हणून भाऊजींना सोबत घेतले. गाभ्यातल्या जंगलापेक्षा बफरमधली फेरी स्वस्त पडते, तेव्हा मोहर्लीजवळची आगरझरी निवडली. वाघाला कुठे ठाऊक असते, गाभा कुठे संपतो ते! दुपारची फेरी घेतली. सकाळच्या एस.टी.ने नागपूरहून चंद्रपूर, रात्री तिथेच मावशीकडे मुक्काम. लॉजचे पैसे वाचले. चंद्रपूरचे ऊन ४५ अंशांच्या घरात जाते हे खरे, पण पाणवठे आटले की जनावर उरलेल्या पाण्यावर येते. दुपट्टे, कांदे, पाण्याच्या बाटल्या आणि प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र, एवढे सामान. भडक कपडे नकोत.

सहावी जागा आईची. तिचे माहेर त्याच जंगलाच्या कडेचे. ती म्हणाली, "वाघ पायाले पैसे देता? आमी त त्याच्यापासून जीव वाचवत होतो."

मग तिने सांगितले. चैत्रात उजाडायच्या आधी पाच-सहा बाया टोपल्या घेऊन मोह वेचायला जायच्या, डबे वाजवत, मोठ्याने बोलत. मोह वेचायला वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, म्हणे. शेजारची काकू एकदा परतलीच नाही. मुले गप्प झाली. आम्हाला आठवले, २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, त्या मजुरीवर घरची कितीतरी कामे अडलेली. भीती वाटली तरी जावेच लागते.

आम्हाला वाटले, आई काही येत नाही. पैसे भरायच्या दिवशी तिनेच पेटीतून आधारकार्ड काढून दिले.

"मीबी येतो. गाइड तिथल्याच गावचा असन. त्याले इचारतो, आता बाया मोहाले कशा जातेत."